गुरुवारची नगरसेविका

सरस्वतीबाईंशी माझी ओळख माझ्याच मूर्खपणातून झाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

नऊ वर्षं झाली त्याला. महापालिकेची निवडणूक नुकतीच आटोपली होती आणि आमच्या प्रभागातून कोळीवाड्यातली एक बाई नगरसेविका झाली होती. ठाणे पूर्वेला खाडीच्या अंगाला कोळीवाडा, आणि त्याला पाठ लावून आमची चार मजली सोसायटी. मधे एक गटार आणि एक भिंत. त्या भिंतीपलीकडे मी वीस वर्षांत मासे आणण्यापुरतीच गेले होते. त्या दिवशी गेले ती हातात अर्ज घेऊन.

ओट्यावर एक धिप्पाड गृहस्थ मांडीवर जाळं घेऊन बसले होते. खाली फरशीवर एक बाई कोलंबी सोलत होती. मी गृहस्थांना नमस्कार केला, प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागले. आमच्याकडे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की उभी राहते बायको आणि निवडून येतो नवरा, हे मला पुरतं ठाऊक होतं. मग उगाच वेळ कशाला घालवा! मी वीस मिनिटं बोलले. मुद्देसूद बोलले. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी तीस वर्षं काढली आहेत, मुद्दा सोडून बोलायची मला सवयच नाही. गृहस्थ मान डोलवत होते. एकदा तर "बराबर हाय" असंही म्हणाले.

माझं संपल्यावर त्यांनी हातातला दोरा दातांनी तोडला. "हां," ते म्हणाले, "आता ह्ये सगलं तिला सांगा. नगरसेवक ती हाय. मी जाल्याचा."

कोलंबी सोलणारी बाई वर न बघताच म्हणाली, "ऐकलं मी. परत नको सांगू गो बाय. येकदा झालं ते पुरे."

माझे कान तापले. ते गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान, धाकूशेठ. आजही मी दिसले की ते हातातलं काम थांबवून विचारतात, "काय मॅडम, अर्ज आनलाय काय?" माणूस वर्षाकाठी दहा वाक्यं बोलतो, त्यांतली पाच माझी फजिती करण्यात खर्च करतो.

अर्ज एका खोलीसाठी होता. माझा मुलगा केतन तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याचं बोलणं लहानपणापासून चार-दोन शब्दांचं आणि समजणं त्याच्या पद्धतीचं. अशा मुलांची शाळा अठराव्या वर्षी संपते. कागदोपत्री त्या दिवशी मूल मोठं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून ते आईबापांसोबत चार भिंतींत बसून राहतं. केतनचे बाबा तो पंधराचा असतानाच गेले, त्यामुळे आमच्या चार भिंतींत दोघंच. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि अकरा घरांनी मिळून आम्ही 'सोबत' नावाचा गट काढला. दहा ते चार मुलं कागदी पिशव्या आणि फायलींची कव्हरं करायची, आम्ही पालक आळीपाळीने थांबायचो. हे सगळं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधल्या जागेत. तेही सेक्रेटरींच्या कृपेने, आणि ती कृपा दर दोन महिन्यांनी आटायची. प्राप्ती नावाची मुलगी तर विठ्ठलवाडीहून यायची. तिचे वडील आनंदराव तिला रोज घेऊन येत, कारण त्यांना वाटेत कुठेच असं काही सापडलं नव्हतं.

कोळीवाड्याच्या तोंडाशी पालिकेचं समाजकेंद्र होतं. त्याच्या तळमजल्यावरची खोली वर्षानुवर्षं कुलपात. ती आम्हाला हवी होती.

"बेस्तरवारी येते," सरस्वतीबाई म्हणाल्या. "बघल्याबिगर मी सही नाय करीत."

बेस्तरवार म्हणजे गुरुवार. गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, अर्धं ठाणं त्या दिवशी वरणभात खातं. बाकीचे दिवस सरस्वतीबाई नगरसेविका झाल्यावरही सकाळी बाजारात आपल्या जागेवर बसायच्या. लोक पापलेट घ्यायला आले की तुंबलेल्या गटाराची तक्रारही करून जात. त्या एका हाताने खवले काढत आणि दुसऱ्या हाताने, म्हणजे शेजारणीच्या हाताने, तक्रार वहीत उतरवून घेत. त्यांची पत्रं प्रभाग कार्यालयात पोचली की कारकून पाकीट न उघडताच ओळखायचा कुणाचं आहे ते. हे मला त्याच कारकुनाने नाक मुरडत सांगितलं होतं, आणि लगेच पुढे म्हणाला होता, "पण मॅडम, काम झाल्याशिवाय बाई जिना उतरत नाही."

गुरुवारी त्या आल्या. आम्ही पुष्पगुच्छ आणून ठेवला होता. तो त्यांनी घेतला, प्राप्तीच्या हातात दिला आणि सतरंजीवर फतकल मारून बसल्या. "कशी करतात गो ही पिशवी?" प्राप्तीने दाखवलं. त्यांची पहिली पिशवी उलटी झाली. प्राप्ती हसली. त्याही हसल्या. मी घड्याळाकडे बघत होते, कारण पाहुणे दहा मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि जातात, असा माझा अनुभव. ही बाई चार वाजेपर्यंत पिशव्या चिकटवत बसली. उठताना गुडघ्यावर हात टेकत म्हणाली, "कुठं करू सही?"

दोन महिन्यांत खोली मिळाली. पुढच्या गुरुवारी त्या परत आल्या. त्याच्या पुढच्याही. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, काम तर झालं ना आता?"

"बेस्तरवारी मना काम नसते," त्या म्हणाल्या.

मला हे पटलं नाही. राजकारणातलं माणूस फुकट पिशव्या चिकटवत नाही, यावर माझा ठाम विश्वास. मी वाट बघत बसले, कधी एकदा यांचा डाव उघडा पडतो. आणि तो पडलाच, असं मला वाटलं, कारण एका सकाळी आमच्या खोलीच्या दारावर दहा फुटी फ्लेक्स लागला. मधे हात जोडलेल्या सरस्वतीबाई, भोवती पक्षाचे पंधरा चेहरे, आणि खाली 'विशेष मुलांच्या आधारवड'. मी बाजारात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर तोंडाला येईल ते बोलले. आमची मुलं म्हणजे तुमच्या जाहिरातीचं सामान नाही, असंही म्हणाले.

त्यांना फ्लेक्सचा पत्ताच नव्हता, पक्षातल्या पोरांनी परस्पर लावला होता. पण ते त्या बोलल्या नाहीत. टोपली शेजारणीच्या हवाली केली, हातात मासे कापायचा कोयता होता तसाच घेऊन माझ्याबरोबर आल्या. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या कापल्या. खाली पडलेल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलं. "कापड चांगलं हाय," म्हणाल्या, "पानी नाय झिरपत." पुढे वर्षभर तो फ्लेक्स त्यांच्या बर्फाच्या टोपल्यांखाली अंथरलेला होता. बोंबलांच्या पाण्यात हात जोडून हसणाऱ्या सरस्वतीबाई मी स्वतः बघितल्या आहेत. 'आधारवड' तेवढा दुमडून आत गेला होता.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. केतनला मनाविरुद्ध काही झालं की तो वस्तू भिरकावतो. एका गुरुवारी त्याने पिशव्यांचा अख्खा ढीग खोलीभर उधळला. आम्ही पालक अशा वेळी पटकन उचलून घेतो, कारण पुढचं रडणं-ओरडणं आपल्याला सोसत नाही. मी वाकले, तर सरस्वतीबाईंनी माझं मनगट धरलं. "तू नको. तो उचलेल." मग केतनसमोर बसल्या. "केतनशेट, उचल." तो ओरडला. त्या बसून राहिल्या. त्याने पाठ फिरवली. त्या बसून राहिल्या. परक्या बाईने माझ्या मुलाला हुकूम सोडावा! पाऊण तास गेला. त्या मधून मधून तेवढाच शब्द म्हणत, आवाज न चढवता. शेवटी केतनने एक पिशवी उचलली, मग दुसरी. सगळ्या उचलल्या, आणि कडा जुळवून ठेवल्या.

त्याला त्याआधी कुणा बाहेरच्याने कधी काही करायला सांगितलंच नव्हतं. लोक त्याला बघून "अरेरे" म्हणत आणि बाजूला होत. त्याच्याकडून काही होईल असं गृहीत धरणारी ती पहिली बाई. मी त्या दिवशी त्यांचे आभार मानले नाहीत, घरी जाऊन धुसफुसत राहिले. आज मानते. उशीर झाला, पण मानते.

मग त्यांची मुदत संपली. निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या, पालिकेत प्रशासक बसले आणि सगळेच नगरसेवक 'माजी' झाले. बऱ्याच जणांची कार्यालयं बंद झाली, फोन लागेनात. सरस्वतीबाईंचं कार्यालय म्हणजे माशाची टोपली, ती कोण बंद करणार? लोक गटाराच्या तक्रारी घेऊन येतच राहिले आणि गुरुवारी त्या आमच्याकडे येतच राहिल्या. माझा संशय तोवर संपला होता. चुकीच्या माणसावर इतकी वर्षं संशय घेतला, याची लाज मात्र होती.

दोन वर्षांपूर्वी समाजकेंद्राच्या भिंतीवर नोटीस लागली. इमारत धोकादायक ठरली होती, रिकामी करून पाडायची होती. त्यात कुणाची चूक नव्हती, छताचे पोपडे आमच्याच डोक्यावर पडत होते. पण आठवड्याभरात दाराला सील लागलं आणि आमची मुलं घरी बसली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आता एकेकाच्या दोन-दोन मोटारी होत्या. तिथे परत जाणं शक्यच नव्हतं.

केतन रोज सकाळी पावणेदहाला डबा हातात घेऊन दाराशी उभा राहायचा. मी सांगायची, "आज नाही." तो म्हणायचा, "सोबत." मी परत सांगायची. पहिले काही दिवस तो नुसता उभा राहिला. मग हात चावायला लागला. नवव्या आठवड्यात त्याने दार उघडायला मला बाजूला ढकललं. मी पडले आणि मनगट मोडलं. त्याला मला मारायचं नव्हतं. त्याला जायचं होतं.

दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या माणसाने सहज विचारलं, "घरी मदतीला कोण आहे?" चौसष्ट वर्षांची मी, डावा हात गळ्यात, आणि बाहेर बाकावर सत्तावीस वर्षांचा केतन आनंदरावांशेजारी डोळे मिटून डोलतोय. आज हात मोडला. उद्या मीच नसले तर याला सकाळी पावणेदहाला कोण कुठे नेणार? हा प्रश्न अशा प्रत्येक मुलाची आई मनाच्या तळाशी दाबून ठेवते. त्या दिवशी तो वर आला आणि काही केल्या खाली जाईना.

सरस्वतीबाई भेटायला आल्या. तोवर त्यांचे प्रभाग कार्यालय, मुख्यालय, दोन शाळा, एक बंद वाचनालय, सगळीकडे खेटे घालून झाले होते. पद नसलेल्या बाईला साहेब लोक चहा देतात, खोली देत नाहीत. त्यांनी माझ्या प्लास्टरकडे बघितलं, केतनच्या चावलेल्या हाताकडे बघितलं, आणि चहा न घेताच उठल्या. "आता जमातीला सांगते," म्हणाल्या.

जमात म्हणजे कोळीवाड्याची स्वतःची पंचायत. तिचं एक सभागृह आहे, खाडीच्या कडेला, लग्नांसाठी आणि बैठकांसाठी. एरवी त्यात जुनी जाळी पडलेली असतात. पण जमातीचे नियम कडक. बैठकीला घरटी एक माणूस बसतो, त्या घराच्या वतीने तोच बोलतो, आणि हा माणूस आजवर नेहमी पुरुषच असायचा. सभागृह मिळतं तेही जमातीतल्या घरालाच, बाहेरच्याला नाही. पालिकेच्या सभेत महापौरांसमोर ठणकावून बोललेल्या सरस्वतीबाई आपल्या गावच्या बैठकीची कधी पायरीही चढल्या नव्हत्या. म्हणजे बोलायचं होतं धाकूशेठना. वर्षाला दहा वाक्यंवाल्या धाकूशेठना!

रविवारी सकाळी बैठक होती. मी बायकांबरोबर बाहेर, खिडकीखाली उभी होते. आत साठ-सत्तर पुरुष. जमातीचे अध्यक्ष रघुशेठ यांनी विचारलं, "धाकू, तुज्या घरचा काय विषय हाय?"

धाकूशेठ उभे राहिले. घसा खाकरला. बराच वेळ ते सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. मग म्हणाले, "माज्या घरचं मानूस मी नाय. ती हाय. ती बाहेर उबी हाय." आणि सरळ चालत बाहेर आले. सरस्वतीबाईंना म्हणाले, "जा. जागा गरम हाय." आणि स्वतः बायकांच्या घोळक्यात माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

आत एकच गलका झाला. कुणी म्हणालं हे रीतीला धरून नाही, कुणी म्हणालं नगरसेवक चालते मग इथे का नाही. सरस्वतीबाई पदर खोचून आत गेल्या आणि धाकूशेठच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. गलका थांबेपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचं ते थांबणं मला ठाऊक होतं.

"पाच वर्षं मी नगरसेवक होती," त्या म्हणाल्या. "नंतर बी तुमची कामं केली. माज्या घरासाटी कवा काय मागितलं काय? नाय. आज मागते. हॉल पायजे. अकरा पोरं हायत, मोठी हायत, पन तेंना जायला जागा नाय. घरात कोंडून ठेवली तर कुनी बी चावेल, मी बी चावेन."

"पोरं जमातीची नायत," रघुशेठ म्हणाले. "नियम हाय. हॉल घराला मिलतो."

"मग माज्या घरात लिवा. माजं घर अकरा मानसांनी मोठं झालं असं लिवा."

मग मागच्या भिंतीला टेकून बसलेले नाथाकाका, वय बहात्तर, स्वभाव खाष्ट, यांनी विचारलं, "गोंगाट करतात काय?"

"तुज्यापेक्षा कमी करतात," सरस्वतीबाई म्हणाल्या.

आतली सगळी माणसं हसली, आणि सभागृह मिळालं. माझ्या गळ्यातला हात मला जोडता येत नव्हता. मी एकाच हाताने डोळे पुसले आणि धाकूशेठनी तोंड दुसरीकडे फिरवलं. तेव्हापासून त्या घराच्या वतीने बैठकीला सरस्वतीबाईच बसतात, आणि धाकूशेठ ओट्यावर बसून "सुटलो" म्हणतात.

सभागृहात सकाळी आमची मुलं आणि दुपारी जुनी कोळी माणसं, असं ठरलं होतं. खाडीत आता फारसं काही मिळत नाही, त्यामुळे म्हातारी मंडळी तिथे जाळी दुरुस्त करायच्या नावाखाली गप्पा मारायला येतात. पण दुपारची माणसं सकाळी यायला लागली. बघायला म्हणून आली, बसायला लागली. सरस्वतीबाईंनी कुणाला बोलावलं नाही, सेवा वगैरे शब्द वापरला नाही. एकाला सांगितलं, "काका, ती दोरी धर." दुसऱ्याला म्हणाल्या, "प्राप्तीला कात्री दे." समाजसेवेवर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. माणसाच्या हातात दोरीचं एक टोक देऊन त्याला स्वयंसेवक करणारी ही एकच बाई मी बघितली.

नाथाकाका सगळ्यात शेवटी आले. आणि बसले ते केतनच्या शेजारी, कारण तिथे बडबड नव्हती. ते लाकडी सुई आणि माप धरायची पट्टी घेऊन जाळं विणत, केतन बघत असे. महिनाभर त्याने नुसतं बघितलं. मग एक दिवस पट्टीला हात लावला. नाथाकाकांनी पट्टी त्याच्या हातात दिली आणि सुई घालून दाखवली, पुन्हा दाखवली, पुन्हा दाखवली. केतनला सगळं एकसारखं लागतं. ताटातला भात वाकडा पसरला तरी त्याला चालत नाही. जाळ्याचं प्रत्येक भोक दुसऱ्याएवढंच असावं लागतं. जगात अशीही एक गोष्ट आहे हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं! मी तीस वर्षं मिलिमीटर मोजत कागदावर रेघा ओढल्या. माझ्या मुलाचा हात माझ्यावरच गेला होता, आणि मी त्याला पिशव्या चिकटवायला लावत होते.

"तुजा पोर बोलत नाय," नाथाकाका मला एकदा म्हणाले. मी सावरून बसले, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. "लय बेस हाय," ते म्हणाले. "माजा नातू बोलायचा थांबत नाय."

यंदा जानेवारीत एकदाची निवडणूक झाली. सरस्वतीबाईंना तिकीट मिळालं नाही. पक्षाला दुसरं कुणीतरी हवं होतं. मी संतापले. पक्षाच्या माणसाला फोन करून असं काही सुनावलं की त्याने माझा नंबरच ब्लॉक केला. बाजारात जाऊन म्हटलं, "तुम्ही अपक्ष उभ्या राहा. आम्ही घरोघर फिरतो."

त्या सुरमईचे तुकडे करत होत्या. "सोड गो बाय. बेस्तरवार कुनी काढून घेतला काय माजा?"

फेब्रुवारीत मात्र गुरुवारही गेले. त्यांची मुलगी वर्षाली शहाडला असते, तिचं बाळंतपण आलं आणि त्या महिनाभर तिकडे गेल्या. माझा धीर सुटला. सभागृहात आमची मुलं त्यांच्या घराच्या नावावर होती. घरचं माणूसच गावात नाही, मग आम्ही कोण? कुणी काही बोललं तर? पहिल्या सोमवारी मी केतनला घेऊन साडेनऊलाच पोचले, कुलूप असेल अशी मनाची तयारी करून. दार उघडं होतं. नाथाकाका झाडू मारत होते. "लवकर आलाव," ते मला म्हणाले, जणू काही मी त्यांच्या कामात लुडबुड केली.

महिनाभर ते दार एक दिवसही बंद राहिलं नाही.

होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली. कोळीवाड्यात होळी मोठी. तिचा उंच खांब उभा करायला घरटी एक माणूस लागतो, त्याची बैठक आधी होते आणि त्याचं आवतण दारोदार जाऊन तोंडी द्यायची पद्धत आहे. हे मला ऐकून माहीत होतं. दारात नाथाकाका होते. चार मजले चढून आल्यामुळे धापा टाकत होते, अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर लाल टोपी. मी "या, बसा" म्हटलं. ते बसले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, समोर कुणी नसल्यासारखे सरळ बघत, खणखणीत आवाजात म्हणाले, "केतनच्या घरला आवतन हाय! होलीच्या बैठकीचं!"

मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. "काका, आम्ही सरस्वतीबाईंच्या घरात आहोत ना?"

"ते गेल्या बैठकीला बदललं," ते म्हणाले. "सरस्वतीचं घर येगलं. केतनचं घर येगलं लावलंय. जाल्यावर बसतो तो, तेचं घर पायजे."

"बरं, येते मी. किती वाजता?"

"तुमी कशाला?" नाथाकाका वैतागले. "घरटी येक मानूस. तो यील. आताच, माज्यासंगं."

मी सरस्वतीबाईंना फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं. मी एका दमात सगळं सांगितलं आणि म्हटलं, "हे तुम्हीच केलंत ना? तुमचे उपकार मी कसे..."

"मना नाय म्हाईत गो," त्या म्हणाल्या. "मी तर हितं हाय. ह्ये तेंनीच केलं. तेंचं तेंनी केलं..." आणि त्या फोनवर रडायला लागल्या, बाळाहून मोठ्याने.

केतन चपला घालत होता. नाथाकाका त्याला मदत करत नव्हते, नुसते थांबले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, आणि उद्या मी नसले तर?"

त्यांना प्रश्नाचा रोखच कळला नाही. आवतणाबद्दलच विचारतेय असं वाटून ते म्हणाले, "तुमी नसल्या तरी आवतन यील. घर तेच्या नावावर हाय." मग केतनकडे वळून म्हणाले, "चल रे, टाइम झाला," आणि दोघं जिना उतरायला लागले.